जळगावच्या या थेरपी सेंटरबद्दल, अमळनेरहून नातीला घेऊन येणाऱ्या आजोबाकडून

पाचपैकी चार तारे दिलेत. एक का कापला ते पुढे येईलच. रिव्ह्यू लांब झालाय. सुनेनं वाचून "नाना, एवढं कोण वाचतं?" असं विचारलंसुद्धा. ज्याच्या घरी असं लेकरू आहे तो वाचेल, बाकीच्यांनी तारे बघून पुढे जावं.

मी एसटीत वाहक होतो, अमळनेर डेपोला. आता रिटायर. नात सहा वर्षांची आहे. सातव्या महिन्यातच झाली, पेटीत ठेवावी लागली. वर्ष उलटलं तरी बसेना, तेव्हा सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, हे नाव घरात आलं. दोन्ही पाय कडक आहेत, डावा हात जरासा. डोकं मात्र तल्लख. किराणावाल्याकडे आपले किती राहिले हे मला नाही, तिला विचारायचं. मुलगा सुरतला, उधन्याला कापडाच्या कारखान्यात असतो. आमच्याकडे ज्या घरातला एकही पोरगा सुरतला नाही असं घर शोधावं लागतं. त्यामुळे घरात पोरीचं करायला सून, आमची मंडळी आणि मी.

इथे येण्याआधी आम्ही बरंच फिरलो. एका मोठ्या शहरात "पूर्ण बरी करू, पॅकेज घ्या" असं सांगणारे भेटले. दुसऱ्या एका ठिकाणी व्यायामाचे इतके कागद हातात दिले की ते सगळे करायचे तर स्वयंपाक कोणी करायचा हा प्रश्न पडावा. त्यांची नावं लिहीत नाही.

इथल्या फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी नातीला हात लावायच्या आधी सुनेला विचारायला सुरुवात केली. सकाळी किती वाजता उठता? नळ कधी येतो? संडास घरात की अंगणात? पोरीला उचलून कोण नेतं? रात्री ती कोणाजवळ झोपते, आणि तुमची झोप होते का? शेवटच्या प्रश्नाला सून काही बोलली नाही, नुसती खाली बघत राहिली. मॅडमनीही घाई केली नाही, पाणी मागवलं. मग नातीला तपासलं. सगळं मिळून दीड तास तरी गेला असेल, फी मात्र एकाच बैठकीची घेतली, चारशे रुपये.

त्या दिवशी निघताना एक तक्ता दिला, आणि मला हे सेंटर आवडलं ते खरं तर त्या तक्त्यामुळे. त्यात डावीकडे काम लिहिलेलं आणि उजवीकडे माणसाचं नाव. पोटऱ्या आणि मांड्यांचं ताणणं, सकाळी, आजोबा. जेवण भरवणं, आजी. उभं करणं, संध्याकाळी, आई. रविवारचा सगळा व्यायाम व्हिडिओ कॉलवर, वडील. आमच्या वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदात, कसा प्रत्येक टप्पा, प्रत्येक तिकीट लिहिलेलं असतं, मागाहून कोणी "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही, तसंच हे. मॅडम म्हणाल्या, "आईच्या नावावर दोनाच्या वर कामं टाकायची नाहीत. तिसरं टाकायचं असेल तर आधी तिचं एक काढून दुसऱ्याला द्यायचं." सुनेच्या नावासमोर दुपारी एक तासाचा रकाना रिकामा ठेवलेला होता. तो रिकामाच ठेवायचा, असं खाली लाल पेनानं लिहिलंय.

मुलाला त्यांनी सुरतेहून व्हिडिओ कॉलवर घेतलं, तेही महत्त्वाचं. एरवी बापाला फक्त "पैसे पाठव" एवढाच निरोप जातो. इथे त्याला दर महिन्याला दाखवतात की गुडघा किती अंशांपर्यंत सरळ होतोय, पुढचा स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारा बूट, कधी लागेल, खर्च किती. कारखान्यातून तो जेवणाच्या सुट्टीत फोन घेतो, मागे मागांचा खडखडाट चालू असतो, आणि मॅडम ओरडून बोलतात. ऐकायला गंमत वाटते.

उचलायचं कसं हेही शिकवलं. नातीचं वजन वाढतंय आणि सुनेची कंबर धरायला लागली होती. त्यांनी आधी सुनेची कंबर तपासली, पोरीची नंतर. उचलताना वाकायचं कमरेतून नाही, गुडघ्यातून. पोरीला आधी कुशीवर घ्यायचं, पाय दुमडायचे, छातीशी घट्ट धरायचं आणि मग उठायचं. अशा कडक पायांच्या पोरांना सरळ ताठ उचललं की पाय कैचीसारखे एकमेकांवर जातात आणि अंग आणखी कडक होतं. माझ्याकडूनही करून घेतलं. एसटीच्या टपावर ओझी चढवलेला माणूस मी, तरी मॅडमनी दोनदा "नाना, पाठ!" असं ओरडून सांगितलं.

आता पापडाची गोष्ट. चैत्र-वैशाखात आमच्या गल्लीत उडदाचे पापड असतात, आज या घरी, उद्या त्या घरी, बायका जमतात. इथल्या ओटीवाल्या, म्हणजे हातांची रोजची कामं शिकवणाऱ्या, ताईंनी विचारलं, घरात सध्या काय चाललंय? सून म्हणाली पापड. मग डाव्या हाताचा व्यायाम म्हणून लाट्या करायला लावल्या. नातीला भिंतीच्या कोपऱ्यात पाटावर बसवायचं, पाठीला दोन्ही बाजूंनी आधार, पाय समोर, आणि दोन्ही हातांनी पीठ दाबून लाटी करायची. डब्ल्यूसारखे पाय मागे टाकून बसू द्यायचं नाही, त्यानं खुब्यांवर आणि गुडघ्यांवर ताण येतो. पोरीनं निम्म्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या, तो भाग वेगळा. पण त्या उन्हाळ्यात तिचा डावा हात जेवढा वापरात आला तेवढा रबरी चेंडू दाबून कधी आला नव्हता. आणि दुसरं म्हणजे ती बायकांच्या घोळक्यात बसली. एरवी शेजारणी येतात, "बिचारी" म्हणतात आणि जातात. लाट्या करणाऱ्या पोरीला बिचारी म्हणायला कोणी थांबत नाही, तिला "अजून दे" म्हणतात.

भरवण्याचं काम आमच्या मंडळींकडे आलं, त्यालाही कारण आहे. तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं: "ग्रहणमा सून बाहेर निंघनी व्हती, म्हणीसन आसं व्हयनं." हे ती दर अमावास्येला एकदा तरी बोलायची, आणि सून ऐकून घ्यायची. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी तिला एकटीला आत बोलावलं. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच इजा झाली की सीपी होतो, हे समजावलं. दिवस न भरता झालेलं बाळ, प्राणवायू कमी पडणं, जोराची कावीळ, मेंदूज्वर, अशी कारणं असतात. आपल्या पोरीचे दिवस भरले नव्हते. ती इजा पुढे वाढत नाही, पण पोर वाढते, हाडं लांब होतात आणि कडक स्नायू मागे पडतात, म्हणून ताणायचं थांबवायचं नाही. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. मंडळींनी ऐकून घेतलं. पटलं का, ते मी सांगू शकत नाही. पण मॅडमनी लगेच भरवायचं काम तिच्या हातात दिलं आणि बाई कामाला लागली की तिला ग्रहण आठवत नाही.

भरवणंही साधं नाही. आम्ही मांडीवर आडवी घेऊन भरवायचो, सगळ्या पोरांना तसंच भरवलंय. इथे सांगितलं की बसवून भरवा, डोकं किंचित पुढे, हनुवटी खाली. मान मागे टाकली की घास श्वासनळीत जायची भीती असते, आणि मग वारंवार खोकला, छाती भरणं. चमचा समोरून आणि खालून आणायचा. पातळ वरणापेक्षा घट्ट बरं. म्हणून आता वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, चांगली मऊ करून. भरीत मिळतंय म्हटल्यावर नातीची काही तक्रार नाही. हिवाळ्यात तर ती दुसरं काही मागत नाही.

स्प्लिंटबद्दल, कारण आमच्याकडच्या उन्हात त्याचा वेगळा विचार लागतो. प्लॅस्टिकचा तो तळपायापासून पोटरीपर्यंतचा बूट, त्याला एएफओ म्हणतात. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात प्लॅस्टिकमध्ये पाय म्हणजे घामोळं आणि चट्टे. इथे आम्हाला सुती मोजे दोन जोड ठेवायला सांगितले, दुपारी बदलायला. काढल्यावर लाल डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक, नाही गेला तर स्प्लिंट घासून दुरुस्त करायला आणा. उन्हाळ्यात वेळ बदलून दिली, सकाळी लवकर आणि रात्री. पोर वाढते तसा स्प्लिंट आखूड होतो, वर्षभरात बदलावा लागतो असं धरून चला. खुब्यांचा एक्स-रेही वर्षाला एकदा काढायला सांगतात. न चालणाऱ्या पोरांचे खुबे हळूहळू सरकू शकतात आणि दुखायला लागेपर्यंत कळत नाही. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

उभं राहायला समांतर दांड्या लागतात. विकत घ्यायच्या तर महाग. इथे त्यांनी मापं काढून कागदावर चित्र दिलं आणि म्हणाल्या, पाइपच्या बनवा, जळगावात पाइपची काय कमी. गल्लीतल्या प्लंबरनं दीड इंची पाइप, एल्बो आणि टी वापरून एका दुपारात जोडून दिल्या, खालच्या पाइपमध्ये वाळू भरली म्हणजे हलत नाहीत. ओसरीत ठेवल्यात. पोरीची उंची वाढली की उभे पाइप बदलायचे, बाकी तसंच. विकाऊ वस्तू गळ्यात मारत नाहीत, या एका गोष्टीला मी अर्धा तारा जास्तच दिला असता.

शनिवारी एक टेबल लागतं. तिथे एक आई बसते, तिचा स्वतःचा मुलगा आता मोठा आहे, आणि ती कागदपत्रांचं बघते. पैसे घेत नाही. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं कार्ड, निरामय विमा, संजय गांधी योजना, शाळेचं पत्र, सगळं तिच्या तोंडपाठ. ४० टक्क्यांपासून ८० च्या आतलं पिवळं कार्ड, ८० आणि पुढचं निळं, हे तिनंच सांगितलं. नातीचं पिवळं आहे, ७० टक्के. निरामय विमा नॅशनल ट्रस्टचा, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेचा. ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात मागता येतो. आधी तपासणी करून नाकारणं वगैरे काही नाही. बिलं मात्र सांभाळून ठेवावी लागतात, म्हणून हे सेंटर दर बैठकीची शिक्का मारलेली पावती न मागता देतं. तिकिटाशिवाय प्रवास नाही, हे आयुष्यभर सांगत आलेल्या माणसाला यात किती समाधान असतं ते काय सांगू.

त्या टेबलाशी बसलं की बरंच कानावर पडतं. शहाद्याकडचा एक बाप आला होता, पावरा समाजाचा, पोराला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार. त्याला वाटत होतं अपंगाचं कार्ड म्हणजे हातापायाचं. त्या बाईनं समजावलं की १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, आणि त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियाही आहेत. नंदुरबारच्या डोंगरात सिकलसेलची किती लेकरं आहेत, आणि हा बाप इथवर एका दुसऱ्याच कामासाठी आला तेव्हा त्याला हे कळलं. एका आईचा मुलगा अठरा पूर्ण होत होता, त्याला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत. तिला सांगितलं की अठरानंतर आई कायद्यानं आपोआप पालक राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ती बाई हबकलीच. सांगणारीनं अर्ज तिथेच भरून दिला.

संजय गांधी योजनेचं अनुदान आता दिव्यांगांसाठी महिन्याला दीड हजाराचं अडीच हजार झालंय, पण उत्पन्नाची अट आहे, आम्ही त्यात बसत नाही.

आता कापलेला तारा. रॅम्प. थेरपी सेंटरचा रॅम्प असा असावा का? एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हे साधं प्रमाण आहे. इथला चढ दोन फुटांच्या आसपास, म्हणजे चोवीस फूट पाहिजे. मी पावलांनी मोजला, दहा फूटसुद्धा भरत नाही. चाकाची खुर्ची ढकलणारी आई वर पोहोचेपर्यंत धापा टाकते आणि उतरताना तर उलटं उतरावं लागतं. मी बोललो. "जागामालकाशी बोलणं चालू आहे" असं उत्तर मिळालं. ते चालूच आहे. दुसरं, स्पीचवाल्या मॅडम आठवड्यातून एकाच दिवशी येतात, गुरुवारी, आणि त्या दिवशी इतकी गर्दी की नंबर येईपर्यंत पोरं कंटाळून रडायला लागतात. वरून अमळनेरकडे परतायची गाडी गाठायची. बाहेरगावच्यांना आधी घ्या, एवढं तरी करता येईल. तिसरं, काउंटरवरची मुलगी फोनवर तुटक बोलते. समोर गेल्यावर बरी आहे.

रोज या, असं मात्र म्हणत नाहीत, आणि बाहेरगावच्या माणसाला हे फार. आम्ही महिन्यातून दोनदा जातो, मधल्या काळात व्हिडिओ पाठवतो, मॅडम बघून सांगतात काय चुकतंय. शेजारच्या खोलीत डबा खायला जागा आहे, चटई, पंखा, पाण्याचा माठ. तिथे कळण्याच्या भाकरी निघतात, ठेचा निघतो, कोणाची शेव असते, आणि एखादी म्हातारी हमखास विचारते, "आते कशी शे पोर?" सून तिथे ज्या बायकांशी बोलते त्यांच्याशी फोनवरही बोलते, रात्री उशिरापर्यंत. काय बोलतात ते मी विचारत नाही. मध्ये एकदा रविवारी त्या चार-पाच जणी पोरांना घरच्या पुरुषांकडे सोडून मेहरुण तलावावर फिरायला गेल्या होत्या. नातीला मी सांभाळलं. दिवसभर पत्ते खेळलो, तिनं हरवलं.

सेंटरनं शाळेलाही पत्र दिलं. ४० टक्के किंवा त्यापुढचं अपंगत्व असलेल्या लेकराला सहा ते अठरा वयात जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, हे कायद्याचं कलम टाकून. मुख्याध्यापकांनी पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आणला. नातीच्या बाकाला दोन्ही बाजूंनी टेकू सुताराकडून लावून घेतला, खर्च आम्ही केला.

येणाऱ्यांसाठी प्रवासाचं. रेल्वेनं येत असाल तर सुरत-भुसावळ मार्गावर धरणगाव, पाळधी करत गाडी जळगावला येते, स्टेशनहून रिक्षा. एसटीनं येत असाल तर कार्ड जवळ ठेवा. दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे आई सोबत असेल तर तिचं अर्धंच लागतं. बाप किंवा काका घेऊन निघाला तर मात्र सोबत्याची सवलत मागायची. कंडक्टर कुरकुरला तर भांडू नका, कार्डावरचा टक्क्याचा आकडा दाखवा. तो बघायलाच हवा, आम्हाला तसंच शिकवलेलं असतं.

पहिल्यांदा जाताना शनिवार धरा म्हणजे टेबलवाली आईही भेटेल. आधी फोन करून नंबर लावा. जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, पेटीत ठेवलं असेल तर तिथला डिस्चार्ज, जुना स्प्लिंट आखूड झाला असला तरी, आणि घरातल्या जेवढ्या माणसांना वेळ असेल तेवढ्यांना सोबत न्या. एकटी आई गेली तर मॅडम विचारतात, बाकीचे कुठे आहेत? डबा घेऊन जा, जवळपास बरी खाणावळ नाही.